मालकिणीची चाल

(पोशाखांची स्पर्धा भरलेल्या एका मोठ्या सभागृहामागची खोली. जमिनीवर एका अजस्र जनावराचा पोशाख, पुढचा भाग वेगळा, मागचा वेगळा. लेक, तिचे बाबा आणि तिचा नवरा.)

बाबा: नाही म्हणजे नाही. मी टेम्पो चालवायला आलोय. सामान आणलं, उतरवून दिलं, माझं काम संपलं.

लेक: बाबा, ऐकून तर घ्या.

बाबा: ऐकलं की. तुझी मैत्रीण जिन्यावरून घसरली, पाय सुजला, आता तिला आत शिरता येत नाही. वाईट झालं. बर्फ लावा तिला.

लेक: लावलाय. पण मागचे पाय ती होती. मागच्या पायांशिवाय ही उभी कशी राहणार?

बाबा: मग जावईबापूंना घाल मागे.

जावई: मी पुढचे पाय आहे, बाबा. मान पण माझ्याकडेच. एका हाताने मान सांभाळायची, दुसऱ्या हाताने जबडा आणि कान.

बाबा: कान पण हलतात?

जावई: हलतात ना. हे बघा, ही दोरी अशी ओढली की...

लेक: आत्ता नको रे खेळूस. निघाली तर परत बसवायला वेळ नाही.

बाबा: तू शिर मग मागे.

लेक: मी बाहेर हवी. आतून काही दिसत नाही, बाबा. पुढच्याला गळ्यातल्या जाळीतून हातभर जमीन दिसते. मागच्याला पुढच्याची पाठ. बाहेरून कोणीतरी वाट दाखवत चालावं लागतं. आणि काही निसटलं, तुटलं, तर कुठे काय जोडायचं ते मलाच माहीत आहे.

बाबा: अगं, पण माझं वय बघ. जन्मभर खऱ्या जनावरांच्या मागे चाललो, आता खोट्या जनावराच्या मागच्या अंगात शिरू?

जावई: कोणाला कळणारसुद्धा नाही. तुम्ही दिसणारच नाही.

बाबा: मला कळेल ना.

लेक: बरं. राहू द्या. अरे, बाहेर त्या टेबलावर नावं घेतायत ना, त्यांना सांग, आमचं नाव काढा म्हणावं.

जावई: असं एकदम? दोन वर्षं घातलीस तू हिच्यात.

लेक: मग काय करू? पुढचं अर्धं जनावर घेऊन फिरू?

जावई: बाबा, तुम्ही वर खोलीत कधी आला नाहीत म्हणून सांगतो. ही दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासते. घरी आली की चहा पण उभ्यानेच घेते आणि सरळ वर. एकेक खवला हातानं कापलाय. वाटलं नाही मनासारखं की उपटून परत.

बाबा: हे खवले कशाचे आहेत? रबर?

लेक: व्यायामाच्या जुन्या चटया. कापायच्या, तापवायच्या, गरम असतानाच गुडघ्यावर वाकवायच्या. मग आधी काळा रंग, तो फडक्यानं पुसायचा, वरून राखाडी, मग शेवाळी.

बाबा: पोटाखाली खवले नाहीत.

लेक: तिथे कातडी मऊ असते.

बाबा: हं. असते. पण हे आहे तरी काय? अंग गेंड्याचं म्हणावं तर खवले आहेत. आणि पाठीवर ही घरं कसली?

लेक: डोंगरमावशी. आमच्या खेळातली.

बाबा: पत्त्यांच्या?

जावई: नाही, फाशांचा खेळ आहे. आम्ही चारपाच जण रविवारी टेबलाभोवती बसतो. मी गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली माणसं होतात. कोणी तलवारवाली, कोणी वैदू. संकट आलं की फासे टाकायचे, त्यावर ठरतं काय होणार ते. त्या जगात एक पूर येतो, आणि ही मावशी अख्खं गाव पाठीवर घेऊन चालत राहते. कुठे उतरवायचं ते तिलाही माहीत नाही.

बाबा: आणि हे तुम्ही नोकरीधंद्याची माणसं करता.

जावई: दर रविवारी. न चुकता.

बाबा: असं जनावर नसतं.

लेक: माहीत आहे. शाळेत असताना मी तुम्हाला कोल्ह्याचा मुखवटा दाखवला होता, शिंगं असलेला. तेव्हाही हेच म्हणाला होतात. म्हणालात आणि पेपर वर केलात.

बाबा: मग शिंगवाला कोल्हा नसतोच ना.

लेक: नसतो. म्हणून तर केला होता. असता तर तुम्हीच आणून दाखवला असता की मला.

जावई: अगं, हळू.

लेक: हळूच बोलतेय. दोन वर्षांत एकदा तरी वर आलात का, बाबा? गुडघ्यांचं सांगू नका. गुडघे नव्हते तेव्हाही आला नाहीत.

बाबा: गुडघे नव्हते?

लेक: दुखत नव्हते.

बाबा: हाताला काय झालंय तुझ्या, ठकू? हे काळं?

लेक: रंग नाही तो. भाजलंय. चटया तापवायची गरम हवेची बंदूक असते, तिनं. जुनं आहे.

बाबा: मलम लावलंस?

लेक: जुनं आहे म्हटलं ना, बाबा.

बाबा: जनावर नसतं, पण चटका खरा बसतो. बरं. चला. पाय कुठे घालायचे ते दाखव.

लेक: नक्की?

बाबा: विचारत बसलीस तर मन बदलेल. तुझी आई पहिल्या रांगेत जाऊन बसली आहे. तिनं बघितलं मागचे पाय नाहीत, तर घरी गेल्यावर माझं काही खरं नाही.

लेक: हा पट्टा कमरेला. हा खांद्यावरून. आता वाका, हात इथे कठड्यासारखी नळी आहे ती धरा. उजवा पाय या पोकळीत. टेकला? आता डावा.

बाबा: डावा बसत नाही. अडकतोय. टाच खाली टेकतच नाही, बघ. हा पट्टा आखूड झालाय.

लेक: तो तसाच आहे.

बाबा: अगं, तोल जाईल. शिवताना चुकलंय काहीतरी.

लेक: चुकलेलं नाही, बाबा. उजवा पाय टाका, मग डावा ओढल्यासारखा पुढे आणा. जमिनीवर घासला तरी चालेल. आणि त्याबरोबर कंबर उजवीकडे झुकू द्या.

बाबा: सवयीचा माणूस असता तर ठीक. मला नीट चालता येत नाही तिथे हे लंगडणं आणखी.

लेक: चालून तर बघा. अरे, तू पण शिर. मी चेन लावते. बाहेरच्या बोळात जरा चाला. तोवर मी आमचा क्रमांक कुठे आलाय ते बघून येते. भिंतीवर आपटू नका, पाठीवरची घरं कागदाची आहेत.

जावई: बाबा, येतोय ना आवाज?

बाबा: पुढ्यातच आहात की. तुमची पाठ माझ्या नाकाला लागतेय.

जावई: सॉरी. गरम होतं आत. मी मोजतो, तुम्ही त्यावर पाय टाका. उजवा. ओढा. उजवा. ओढा.

बाबा: फार जोरात मोजताय.

जावई: घाबरलं की मी जोरात बोलतो. दुकानात पण. गिऱ्हाईक म्हणतं, औषध द्या, ओरडता कशाला. उजवा. ओढा.

बाबा: उजवा. ओढा.

जावई: छान जमतंय. कंबर झुकू द्या. उजवा. ओढा. बाबा? थांबलात का? पायावर पाय पडला?

बाबा: थांबा जरा.

जावई: दम लागला? पाणी मागवू?

बाबा: ही चाल कोणाची आहे?

जावई: मावशीची.

बाबा: ते कळलं. घेतली कोणाकडून?

जावई: तिनंच ठरवली. अगदी पहिल्या दिवसापासून. मी म्हटलं होतं, एवढं डोंगराएवढं जनावर, ते लंगडं कशाला दाखवायचं? तर म्हणाली, लंगडी नाही, जपून चालते. आणि खेळात तिनं एक नियमच करून टाकला. डाव्या बाजूनं तिच्याजवळ जायचं नाही. जायचंच असेल तर आधी हाक मारायची.

बाबा: आधी हाक मारायची.

जावई: हो. नाहीतर दचकते. आमचा एक मित्र विसरला होता, तर हिनं त्याचं पात्र तिथल्या तिथे चिखलात लोळवलं. दोन रविवार बोलला नाही तो.

बाबा: दचकायचीच. डावा डोळा अधू होता तिचा.

जावई: कोणाचा?

बाबा: मालकिणीचा.

जावई: बाबा, मला कळत नाहीये.

बाबा: मी बागेत होतो, हे तर माहीत आहे तुम्हाला.

जावई: प्राणिसंग्रहालयात. राखणदार होतात. एवढंच माहीत आहे. लग्नाआधी मला हिनं सांगितलं होतं, बाबांना बागेबद्दल काही विचारायचं नाही.

बाबा: आमच्याकडे गेंड्याची मादी होती. आली तेव्हाच मागचा डावा पाय दुखावलेला. कुंपणात अडकून ओढाओढ केलेली असणार. हाड नीट बसलंच नाही. रोज सकाळी कोमट पाण्यात मीठ टाकून तो पाय मी शेकायचो. एवढं धूड, मनात आणलं असतं तर मला भिंतीला चिकटवून ठेवलं असतं. पण पाय बरोबर माझ्यासमोर आणून ठेवायची. मालकीण म्हणायचो आम्ही. साहेब किती आले नि गेले, बाग तिची होती. ठकूची आई चिडवायची, निघा, तुमची मालकीण खोळंबली असेल.

जावई: आणि ती असंच चालायची?

बाबा: उजवा टाकायची, डावा ओढायची, कंबर झुकायची. रोज चारा घेऊन तिच्यामागे चालायचो मी. ही चाल मला झोपेतही ओळखू येईल.

जावई: मग पुढे काय झालं?

बाबा: बाग बंद झाली. तिला लांब पाठवायचं ठरलं. ट्रकमध्ये चढेना. चौघांनी प्रयत्न केले. शेवटी मी हाक मारली, तशी आली आणि शांतपणे आत जाऊन उभी राहिली. दुसऱ्या कोणाच्या हाकेला आलीच नसती. नव्या जागी फार दिवस काढले नाहीत तिनं. बातमी आली तेव्हा मी घरात सांगितलं, पुन्हा हा विषय नको. नाही निघाला पुन्हा.

जावई: तेव्हा ही केवढी होती?

बाबा: शाळेत होती. शाळा सुटली की बागेत यायची. चाऱ्याच्या हातगाडीवर बसून चित्रं काढायची. मला वाटलं, लहान आहे, विसरून जाईल. आपण बोललो नाही तर तिलाही बरं.

जावई: मला वाटायचं, ही सगळं कल्पनेनंच करते. मी सगळ्यांना तसंच सांगतो. माझ्या बायकोच्या डोक्यात एक वेगळंच जंगल आहे म्हणून.

बाबा: खवले कल्पनेचे. घरं कल्पनेची. चाल खरी आहे. आणि बरोबर आहे, जावईबापू. तसूभर इकडेतिकडे असती तर मी सांगितलं असतं.

लेक: काय चाललंय आत? का थांबलात? आपल्या आधीचा एकच राहिलाय.

जावई: काही नाही, आम्ही जरा...

बाबा: पट्टा सारखा करत होतो.

लेक: आखूड वाटत असेल तर थोडा सैल करून देते. जमत नसेल तर साधं चाला, काही बिघडत नाही.

बाबा: हात लावू नकोस त्याला.

लेक: बरं. नाही लावत. दार उघडतंय. मी उजव्या बाजूला आहे, बोलत राहीन. आत गेल्यावर डावीकडे दोरी बांधली आहे, तिच्यामागे माणसं. समोरून सरळ जायचं, रंगमंचापाशी वळायचं आणि परत. उजेड खूप आहे, जाळीतून डोळ्यांवर येईल. चला.

जावई: उजवा. ओढा.

बाबा: तुम्ही घाई करताय.

जावई: लोक आहेत, बाबा. पुष्कळ लोक आहेत.

बाबा: असू देत. तिच्यासमोरून रोज गर्दी जायची, सुट्टीच्या दिवशी तर विचारू नका. तिनं कधी ढुंकून बघितलं नाही. सावकाश. उजवा. आता ओढू द्या मला. मान खाली घ्या.

जावई: किती खाली?

बाबा: जमिनीला नाक लागेल इतकी. हुंगत चालायची ती. रोजचीच वाट, तरी रोज हुंगायची. दोन्ही कान एकदम हलवताय का?

जावई: हो.

बाबा: नको. एक पुढे, एक मागे. वेगवेगळ्या दोऱ्या आहेत ना?

जावई: आहेत. हिनं मुद्दाम वेगळ्या ठेवल्यात. मला वाटायचं उगाच व्याप.

लेक: अरे, हे काय करतोयस तू? कान असे कधी हलवले नव्हतेस. कोणी शिकवलं?

जावई: मागच्या पायांनी.

लेक: चालू ठेव. सुंदर दिसतंय. पुढे उतार नाही, सपाट आहे. आता जरा... थांबा. थांबा, दोरीखालून एक मूल आत आलंय. तुमच्या डाव्या बाजूला.

जावई: कुठे? मला दिसत नाही. पुढे आहे का? माझा पाय उचललेला आहे.

लेक: पायापाशीच येतंय. टाकू नकोस पाय. मी पलीकडे आहे, मला वळसा घालून यावं लागेल.

जावई: मला धरवत नाही, मानेचं वजन पुढे खेचतंय...

बाबा: मी बसतोय.

जावई: काय?

बाबा: बसतोय म्हटलं. मागचा भाग खाली गेला की तुम्ही पुढे जाऊच शकत नाही. सोडा अंग. बसलो.

जावई: बाबा, गुडघे.

बाबा: गुडघ्यांचं नंतर बघू. ठकू, मूल कुठे आहे?

लेक: इथे. मी पोहोचले. काही झालं नाही. लहान मुलगी आहे. तुमच्या डाव्या पायाला हात लावून उभी राहिली आहे, बाबा.

बाबा: घाबरली आहे का?

लेक: नाही. बघतेय.

बाबा: मग ओढून नेऊ नकोस तिला. जावईबापू, मान वळवा. हळू. हळू म्हणतोय. डावीकडे. वास घेऊ द्या तिला.

जावई: मुलीला?

बाबा: मालकिणीला. आता नाकातून जोरात हवा सोडा.

जावई: म्हणजे कशी?

बाबा: घोडा सोडतो तशी. त्याहून जाड.

जावई: फुर्रर्र.

लेक: हसली. परत कर म्हणतेय.

जावई: फुर्रर्र.

लेक: तिची आई आली. नेतेय तिला. हात हलवतेय ती. बाबा, सगळं सभागृह आपल्याकडे बघतंय. पण आता उठायचं कसं? बसायचं आपलं ठरलंच नव्हतं. हिला कधी बसवूनच बघितलं नाही मी.

बाबा: उठते ती. मला माहीत आहे कशी उठते. जावईबापू, तुम्ही अजून उभे आहात ना?

जावई: अर्धवट. थरथरतोय.

बाबा: पूर्ण बसा. गुडघे टेका. अर्धवट बसलेलं जनावर आजारी दिसतं. बसलात? आता ती झोपली आहे असं समजा. डोकं जमिनीवर. असू द्या थोडं.

लेक: बाबा, लोक वाट बघतायत.

बाबा: बघू देत. आता जावईबापू, फक्त पुढचे पाय. एक टाका. दुसरा. उठा. मी बसलेलाच आहे. बस, थांबा इथे.

जावई: असंच? म्हणजे कुत्रा बसतो तसं झालंय.

बाबा: तसंच. रोज सकाळी अशी बसायची. मागचं अंग जड व्हायचं रात्रभरात, ते लगेच उचलायचं नाही. आधी मान वर करून सगळीकडे बघायची, कोण आलंय, कोण नाही. फिरवा मान. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कान.

जावई: किती वेळ?

बाबा: तिला वाटेल तेवढा.

लेक: मी हात देऊ का मागून? कमरेखाली धरते.

बाबा: बाहेरून कोणी हात लावायचा नाही. तिला उठता येतं. जावईबापू, अंग पुढे झोकून घट्ट उभे राहा. उजवा आधी. आता... डावा. आता.

जावई: उठलात?

बाबा: उठलो.

जावई: अगं? आहेस ना बाहेर?

लेक: आहे.

जावई: रडतेस का?

लेक: चाला. पुढे चाला. सरळ.

जावई: बाबा, टाळ्या ऐकू येतात का तुम्हाला?

बाबा: बहिरा नाही झालो अजून. हे सगळं तिच्यासाठी आहे, कळलं ना?

जावई: थोडं आपल्यासाठीपण.

बाबा: आपण पाय आहोत. पायांना कोण टाळ्या वाजवतं? चला. उजवा.

* * *

लेक: हळू. डोकं सांभाळा. हा पट्टा सुटला. आता या बाहेर. घाम बघा किती. हे पाणी घ्या. बसा त्या खुर्चीवर.

बाबा: आधी तिला नीट ठेवा. खवल्यांवर वजन येऊ देऊ नका. पाठीवरचं एक घर वाकलंय बघ.

लेक: चिकटवता येईल. गुडघे कसे आहेत?

बाबा: आहेत. (बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारून येतात.) निकाल लागला का?

जावई: लागला. पहिलं बक्षीस त्या मोठ्या घुबडाला मिळालं. आपलं दुसरं.

बाबा: घुबडाला? त्याचे पाय बघितलेत का तुम्ही? कोंबडीचे पाय होते ते. घुबडाला बोटांपर्यंत पिसं असतात. दोन बोटं पुढे, दोन मागे.

लेक: बाबा, पंख फार सुरेख होते त्याचे. मी जवळून बघितले. मला असे जमले नसते.

बाबा: पंख बरे होते. नाही कोण म्हणतंय. पण पाय चुकले म्हणजे चुकले. तू त्याच्या जागी असतीस तर आधी पाय केले असतेस.

लेक: तुम्ही चिडलाय का दुसरं आलं म्हणून?

बाबा: मी कशाला चिडू? तू चिडली आहेस का?

लेक: नाही. खरंच नाही. बाबा, एक बाई येऊन भेटली आत्ता. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी असेल. म्हणाली, लहानपणी मला बागेत नेत असत. तिथे अशी एक होती, मागचा पाय ओढत चालणारी. आज हिला उठताना बघितलं आणि एकदम तीच आठवली, म्हणाली.

बाबा: मग? काय सांगितलंस तिला?

लेक: सांगितलं, आत तिचाच राखणदार आहे. तिला वाटलं मी गोष्टीतलंच बोलतेय. हसली आणि गेली.

बाबा: विसरली नव्हतीस तू.

लेक: नाही.

बाबा: कधी बोलली पण नाहीस.

लेक: तुम्ही नको म्हणाला होतात. आणि चित्रं काढताना मला एकच गोष्ट कधी जमली नाही, बाबा. तिचं चालणं. कागदावर येतच नव्हतं. मग वाटलं, कोणीतरी खरंच चालायला हवं. मी स्वतः आत शिरून आरशासमोर किती वेळा चालून बघितलं, मैत्रिणीला शिकवलं. येत होतं थोडंफार. पण ते उठणं मी कधी बघितलंच नव्हतं. रोज सकाळी मी शाळेत असायचे ना.

बाबा: पट्ट्यानं तसा आपोआप पाय ओढला जातो. ते कसं सुचलं तुला?

लेक: मोजून मोजून. आधी फार आखूड झाला, मग सैल. बऱ्याचदा उसवलाय तो.

बाबा: पाऊल टाकलं आणि माझ्या पायालाच आधी कळलं, मला मागाहून. फार बारीक काम आहे, ठकू. मी बागेत चांगले शिकलेले लोक बघितले, वर्षानुवर्षं जनावर समोर असून चाल न दिसणारे. तू हातगाडीवर बसून बघितलीस आणि आज मला आत घालून चालवलीस.

लेक: असं नका ना बोलू. मला सवय नाही.

बाबा: मलाही नाही. एक सांगायचं राहिलं. शेपूट. ती नेहमी जरा उजवीकडे धरायची.

लेक: माहीत आहे. तशी वाकेल अशी तार मिळाली नाही. जाड घेतली तर हलत नाही, बारीक घेतली तर लोंबते.

बाबा: बघू काहीतरी. जुन्या छत्रीची काडी लावून बघ.

जावई: बाबा, तुम्ही बाहेर पाण्याला गेलात तेव्हा त्या टेबलावरच्या माणसानं तुम्हाला थांबवलं होतं ना? काय विचारत होता?

बाबा: आत कोण होतं त्यांची नावं लिहून घेत होता. मागचे पाय कोण, म्हणाला.

जावई: मग सांगितलंत नाव?

बाबा: नावाला काय करायचंय? म्हटलं, जिनं हिला बनवलं तिचा बाप. एवढंच लिहा.

लेक: लिहिलं त्यानं?

बाबा: लिहिलं. मी तिथेच उभा राहिलो, लिहून होईपर्यंत. पण जावईबापू, मला एक सांगा. तुमच्या त्या खेळात ही राहते कुठे? रात्री कुठे बसते?

जावई: रात्री? चालतच असते ती. पूर आहे ना.

बाबा: चोवीस तास? या पायानं? आणि खाते काय?

जावई: ते... ते तसं ठरवलेलं नाही कोणी.

बाबा: ठकू, तू पण नाही?

लेक: नाही, बाबा. पाठीवरच्या गावाचंच सगळं बघत बसलो आम्ही. कोण कुठल्या घरात राहतं, विहीर कुठे, भांडणं कोणाची. तिच्या खाण्याचं डोक्यातच आलं नाही.

बाबा: एवढं मोठं जनावर अख्खं गाव वाहून नेतंय आणि त्या गावात तिला चारा घालणारा एक माणूस नाही.

जावई: तुम्ही व्हाल का, बाबा? या रविवारी? एक जागा आहे टेबलाशी. फासे मी शिकवीन, अवघड नाही.

बाबा: तुम्ही बसता कधी?

लेक: जेवणं झाली की.

बाबा: मग मी जेवणाच्या आधी येतो. आधी तिच्या खाण्याचं बघायला लागेल.